सोपानअण्णांचा तळवा

गाडीचं काम पुरं झालं की सोपानअण्णा ती शेडबाहेर गल्लीत आणून उभी करत आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला थांबवत. भाजीवाली, कुरिअरवाला, क्लासला निघालेल्या मुली, कोणीही चालायचं. त्याला बारा पावलं लांब उभं करायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, "कशी वाटते?" माणूस "गाडी छान आहे" म्हणाला की अण्णा मान डोलवत आणि मालकाला फोन लावत. पण तो "बंपर भारी आहे" किंवा "चाकं मस्त दिसतात" असं काही म्हणाला, तर गाडी परत आत. मालक दारात उभा असला तरी आत. "कुणी बंपरचं कौतुक केलं," अण्णा सांगत, "की समजायचं, बंपर गाडीतनं भाईर आलाय."

अण्णा मूळचे धायरीचेच, धायरी गाव होतं तेव्हापासूनचे. शाळा सातवीपर्यंत. धंदा डेंटिंग-पेंटिंगचा, पण दारात उभ्या राहत त्या फक्त जुन्या, पळणाऱ्या जपानी गाड्या. लान्सर, सीडिया, व्हीटेकवाली सिटी. तरुणपणी ते रॅलीच्या गाड्यांचे पत्रे सरळ करणाऱ्या एका गॅरेजात होते, तिथे त्यांचं या गाड्यांशी जमलं ते कायमचं. "जर्मन गाडी छाती काढून उभी ऱ्हाती," ते म्हणत. "जपानी गाडी मान खाली घालून उभी असती. पळाया लागली की कळतं, कोण हाय ते." तरुण पोरं अशी गाडी घेऊन यायची आणि मागे उंच पंख, पुढे जबडा, दारांवर ज्वाळा असली स्वप्नं फोनवर दाखवायची. त्यांच्यासाठी शेडवर पाटी होती: 'पंख, शिंगे व ज्वाळा पुढील गॅरेजमध्ये मिळतील.' पुढे गॅरेज नव्हतं. स्मशान होतं.

मी त्यांना भेटले ती भांडायला. माझी खोली शेडच्या समोर, पहिल्या मजल्यावर. ऑफिस हडपसरला, पण ओळखीने जागा मिळाली ती धायरीत. रविवारी धुतलेले कपडे गॅलरीत वाळत घातले, तर संध्याकाळी माझ्या काळ्या कुर्त्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. तो कुर्ता हातात धरूनच मी खाली उतरले. अण्णांनी कुर्ता बघितला, म्हणाले, "धूळ माझीच हाय ताई, धुवून दीन. पर आधी हितं उभ्या ऱ्हावा. ही गाडी बगा. कशी वाटती?" गाडी राखाडी सीडिया होती. मी रागात होते, तरी बघितली. मी म्हणाले, "मागची मडगार्डं ओढून बाहेर काढलीत. डावं उजव्यापेक्षा जास्त आलंय."

अण्णांनी आतून खडू आणला. डाव्या मडगार्डावर खूण केली. मग विचारलं, कसं कळलं. मी सांगितलं, माझं कामच ते आहे. गाड्यांच्या पत्र्याचा आकार कॉम्प्युटरवर बनवते. ती सीडिया चार दिवस परत आत गेली आणि माझा कुर्ता सुमनकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, इस्त्री करून वर आणून दिला. तेव्हापासून रस्त्यावरची माणसं थांबवण्याआधी अण्णा खालून हाक मारायला लागले, "ताई, जरा डोळा द्या." पुढे 'अहो-जाहो' गेलं आणि "ये गं" आलं.

ते काम कसं करत हे सांगितलं पाहिजे, कारण काम झाल्यावर ते दिसत नसे. आधी ते काढत. चकचकीत पट्ट्या काढत, नावांची अक्षरं काढत, अँटेनाचं भोक बुजवत. "गाडीत काय कमी हाय ते समद्यांनाच दिसतं. जास्त काय हाय ते बग." मग गाडी जरा खाली बसवत, रुंद चाकं घालत आणि ती चाकं पत्र्याच्या बरोबर रेषेत यावीत म्हणून मडगार्डाची कड आत वळवून चाकावरची सगळी कमान बाहेर ओढत. त्यासाठी यंत्रं मिळतात. अण्णा त्यांच्या आईचं शिसवी मुसळ वापरत. पत्रा गरम करायचा, चाक आणि कमान यांच्यामध्ये मुसळ घालायचं आणि दोघांनी गाडी मागेपुढे ढकलायची, मुंगीच्या पावलांनी. आईने त्यावर तीस वर्षं मिरच्या कांडल्या होत्या, त्यामुळे पत्र्याला शिंक येत नाही, असं ते नव्या गिऱ्हाइकाला गंभीर चेहऱ्याने सांगत. खड्डे भरायचा लेप, ज्याला त्यांच्या धंद्यात लांबी म्हणतात, ते नखाएवढ्या जाडीपलीकडे लावत नसत. "लांबी लावून चेहरा व्हत न्हाई. तोंड सुजतं."

आणि तळवा. ओढलेला पत्रा बरोबर झाला का, हे ते डोळ्यांनी बघत नसत. जुन्या मलमलीचा एक मऊ तुकडा तळव्याखाली धरून, डोळे मिटून, पत्र्यावरून हात फिरवत. तुकडा अशासाठी, की घाम आडवा येऊ नये आणि हात घसरता राहावा. केसाएवढा उंचवटा असला तरी हात थांबायचा. मग शेवटी मग्गाभर पाणी मारायचं. रंगाआधी मारलेल्या प्रायमरचा रंग मठ्ठ असतो, त्यात काही उमटत नाही, पण पाणी ओघळत असताना चार-पाच क्षण तो आरशासारखा होतो. गल्लीत खांबावरून गेलेली विजेची तार त्या ओल्या पत्र्यात दिसायची. तार सरळ धावली तर पत्रा खरा. थरथरली तर खोटा.

आमच्या ऑफिसात हेच पडद्यावर चालतं. आकारावर काळेपांढरे पट्टे सोडायचे आणि कुठे पट्टा मोडतो ते बघायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील यवतमाळला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. डिग्री मी घासून मिळवली आहे आणि तिचा मला अभिमान आहे, तो मी कोणापुढे लपवत नाही. त्यामुळे जे मी चार वर्षं आणि महागड्या सॉफ्टवेअरने शिकले, ते या माणसाला फडक्याच्या तुकड्यातून कळतं, हे पचायला मला काही महिने लागले. एकदा मी म्हणाले, अण्णा, तुमचं आणि माझं काम एकच आहे. ते म्हणाले, "एक कसं? तुझं शिक्षण कागदावर हाय, ते ऱ्हाईल. माझं हातावर हाय."

रंगांबद्दलही त्यांचं ठरलेलं होतं. "पांढरा रंग वकील असतो, समदं झाकून घेतो. काळा साक्षीदार." म्हणून काळी गाडी आली की ते खूश असत. साक्षीदाराला घाबरायचं कारण त्यांना नव्हतं.

साखरेचा आजार त्यांना जुनाच. गोळ्या कधी घेत, कधी विसरत, आणि काकू रागावल्या की म्हणत, "गोड माणसाला गोडाचाच आजार व्हनार." एका दुपारी मी शेडमध्ये उभी असताना ते गरम हवेची गन एका हातात धरून बोलत होते आणि दुसरा हात तापलेल्या पत्र्यावर टेकलेला होता. आधी मला वास आला. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात उचलला आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा उलटापालटा करून बघितला. तळव्याची कातडी गेली होती. त्यांना दुखलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, नसा गेल्या आहेत. पायांच्या आधीच गेल्या होत्या, आता हातांच्याही. आहे ते सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही. दवाखान्यातून येताना रिक्षात अण्णा मला म्हणाले, हे गल्लीत कोणाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. जखम भरली, ते परत मलमल घेऊन बसायला लागले. पण आता हात कुठेच थांबत नव्हता. चांगल्या पत्र्यावर नाही आणि वाईटावरही नाही.

त्याच सुमाराला निनाद आला. हडपसरचा, आयटीतला, तिशीच्या आतला मुलगा. त्याच्याकडे वडिलांनी घेतलेली काळी लान्सर होती. वडील गेल्यावर दोन वर्षं ती सोसायटीत झाकून ठेवलेली. बोलायला शांत, पंखबिंख काही नको होते. म्हणाला, "अण्णा, बाबांना आवडली असती अशी करा." अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हो म्हणाले. निनाद गेल्यावर मी विचारलं, काळी घेताय? ते म्हणाले, "म्हनून तर घेतली. ही झाली तर हात हाय. न्हाई झाली तर शटर."

दीड महिना ते त्या गाडीवर होते. दुसरं काम घेतलं नाही. काकू सांगायच्या, झोपेतसुद्धा हात चादरीवरून फिरतो. मुसळ घालून कमानी ओढताना गाडी ढकलायला मी असायचे. तीन कमानी सुरेख आल्या. चौथी, डावीकडची मागची, त्यांनी तीन वेळा खाली बसवली आणि तीन वेळा ओढली. मग लांबी लावली, घासली, प्रायमर मारलं आणि एका शनिवारी चारच्या उन्हाला खालून हाक आली.

मी उतरले. त्यांनी हात धुतले होते. म्हणाले, "हे बग. रस्त्यावरच्या मानसाला मी मागनं इचारीन. आधी तू. मला आता हातानं कळत न्हाई, आन् चष्म्यानं तार दिसत न्हाई. तुझा डोळा दे. बाकी जगात कुनाला काय बी खोटं सांग, हितं सांगू नको." काकू चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अण्णांनी मग्गा भरून पाणी मारलं.

पुढच्या पत्र्यावरून, दारावरून तार सरळ धावत आली. मागच्या कमानीवर ती चढली आणि थरथरली. फार नाही, वीतभर जागेत, जशी शांत पाण्यात काडी पडल्यावर सावली हलते तशी. पाणी ओघळून गेलं आणि प्रायमर पुन्हा मठ्ठ झालं. मला कळायला तेवढे चार क्षण पुरेसे होते. माझं शिक्षणच त्याचं आहे.

मी म्हणाले, "गाडी छान आहे."

का म्हणाले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्या वेळी एवढंच वाटलं, की खरं सांगितलं तर हा माणूस आज संध्याकाळी शटर ओढेल आणि आत बसून संपेल. आणि वाटलं, वीतभर तर आहे. कोणाला दिसणार? अण्णांनी मग्गा खाली ठेवला. काकूंनी पदराने कपाळ पुसलं. त्या दिवशीचा चहा आम्ही तिघांनी गल्लीतच उभ्याने घेतला, आणि अण्णा बऱ्याच महिन्यांनी हसले. मला म्हणाले, "हात हाय म्हंजे अजून."

गाडी पुन्हा काळी झाली. रस्त्यावरचा माणूस त्यांनी त्या वेळी थांबवलाच नाही. तू बघितलंस ना, म्हणाले.

महिन्याभराने निनादने फोन केला. अशा गाड्यांची पाचपंचवीस मुलं रविवारी सकाळी खडकवासल्याला धरणाच्या रस्त्याला जमतात, अण्णांनी यावं. अण्णा असल्या ठिकाणी कधी गेले नव्हते. "सैपाकी पंगतीत बसत न्हाई," असं म्हणायचे. या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत दोनदा म्हणाले, सावकाश चालव.

गाड्या पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. काळी लान्सर सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत देखणी होती, हे मी आजही सांगेन. मुलांनी अण्णांच्या पाया वगैरे पडून घेतलं, फोटो काढले. ऊन वर आलं. अण्णा जरा लाजले होते आणि खुशीतही होते, आणि खुशीत असले की त्यांना त्यांची परीक्षा आठवायचीच. शेजारी कणसं भाजणारी एक बाई बसली होती. अण्णांनी तिला उठवलं, बारा पावलं मोजून उभं केलं. "मावशे, ती काळी गाडी बग. कशी वाटती?"

बाईने हातातल्या पंख्याने डोळ्यांवर सावली धरली. म्हणाली, "चांगली हाय की." मग मान जरा वाकडी केली. "मागं कुटं धडकली व्हती व्हय?"

मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. निनाद पटकन म्हणाला, "नाही हो मावशी, ते उन्हामुळे दिसतंय." म्हणजे त्यालाही दिसत होतं, पहिल्या दिवसापासून. अण्णा गाडीजवळ गेले, त्या कमानीवर हात ठेवला, खिशातून मलमलीचा तुकडा काढला, पण वापरला नाही. परत खिशात ठेवला. मग निनादला म्हणाले, आठ दिवस गाडी दे, नव्यानं करतो. निनाद म्हणाला, "असू दे ना अण्णा. कोणाला दिसतंय." तो चांगला मुलगा होता. आम्ही दोघांनी चांगुलपणानेच केलं, जे केलं ते.

परत येताना अण्णा मागे बसले होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. धायरी फाटा आला. तिथे ते म्हणाले, "तुला दिसलं व्हतं."

मी हो म्हणाले.

"मी डोळा मागितला व्हता ताई. तू डोळं पुसायला रुमाल दिलास." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "सांगितलं असतंस तर तुझा हात धरून केलं असतं. मी ठरवलं व्हतं तसं. हात तुझा, सांगायला मी."

मी स्कूटर बाजूला घेतली नाही. चालवत राहिले. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे दोनच वाटा आहेत. तिसरी त्यांनी शोधून ठेवली होती, आणि ती माझ्याकडूनच जात होती.

शटर त्याच आठवड्यात खाली आलं. भांडण नाही, अबोला नाही. मी दिसले की "जेवलात का?" विचारायचे. पण 'ये गं' गेलं आणि परत 'या ताई' आलं, ते शेवटपर्यंत. मी एकदा धीर करून म्हणाले, अजून करू या का, माझ्या हाताने? ते म्हणाले, "आता तुमी सांगितलेलं मला खरं वाटंल का? माझा हात मुका, तुमचा डोळा लबाड. पत्र्यानं कुनाकडं बगायचं?" हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. नुसती अडचण सांगावी तसं सांगितलं.

पुढच्या थंडीत त्यांच्या पायाला चपलेचा खिळा लागला. त्यांना कळलंच नाही. काकूंना मोज्यावर डाग दिसला तोवर उशीर झाला होता. आधी बोट काढलं, मग पाऊल. दवाखान्यात मी जायचे, तेव्हा गाड्यांचा विषय आम्ही दोघंही टाळायचो. शेवटच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर पट्टे सरळ येतात ना?" मी म्हणाले, येतात. "बगून सांगताय ना?" त्यांनी विचारलं आणि किंचित हसले. मला हसता आलं नाही. चार दिवसांनी ते गेले. काकूंनी मलमलीचा तुकडा मला दिला. तो मी तळव्याखाली धरून कितीदा घरातल्या फ्रिजवरून, ऑफिसातल्या नमुन्यांवरून हात फिरवला आहे. मला काही कळत नाही. मला फक्त दिसतं.

शेडच्या जागी आता फरशांचं दुकान आहे. मुसळ काकूंनी माहेरी भाचीकडे पाठवलं, तिथे ते मिरच्याच कांडतं. अण्णांनी पस्तीस वर्षांत किती गाड्या केल्या, कोणालाच माहीत नाही. त्यातल्या काही याच शहरात फिरत असतील. सिंहगड रोडवर, कात्रजच्या घाटात एखादी जुनी सिटी शेजारून जाते, बसलेली, नीटस, कुठेही बोट ठेवायला जागा नसलेली, आणि मी बघत राहते. पण ती त्यांची आहे की कंपनीतूनच तशी आली, हे सांगता येत नाही. सांगता येऊ नये म्हणूनच तर ते जन्मभर घासत होते. आपलं काम कोणाला ओळखू येऊ नये, अशी इच्छा धरणाऱ्या माणसाची इच्छा पुरी झाली की मागे काय उरतं, ते मी बघते आहे. काही उरत नाही.

ओळखू येते ती एकच. परवा हडपसरला सिग्नलला रिक्षात बसले होते. उजव्या बाजूला काळी लान्सर येऊन थांबली. निनादने अजून जपली आहे, रंग पाण्यासारखा. वरून विजेची तार गेली होती, ती बॉनेटवरून, दारावरून सरळ धावत मागच्या कमानीवर आली आणि वीतभर थरथरली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "चांगली ठेवलीये गाडी. पण मागं दोष आहे, बघा."

"आहे," मी म्हणाले.

एवढंच बोलायचं होतं, त्या शनिवारी चार वाजता.